रेड-१ मधल्या दोन एसएसडींपैकी मंद कोण?

प्रश्न थोडक्यात असा आहे: सांगलीत फोटो स्टुडिओ आहे. एच८१ चिपसेटचा जुना डेस्कटॉप, चौथ्या पिढीचा आय३, १६ जीबी रॅम. एक १ टीबीची साटा (म्हणजे नेहमीच्या केबल-पोर्टाने बोर्डाला जोडणारी) एसएसडी होती, ती छान चालत होती. लग्नाचे फोटो गेले तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही म्हणून तशीच दुसरी घेतली, उबुंटूवर एमडीची (लिनक्समधली डिस्क एकत्र जोडणारी सोय) रेड-१ केली, म्हणजे दोन्ही डिस्कवर एकच मजकूर ठेवणारा मिरर, आणि वर लक्सचं (लिनक्समधली डिस्क कुलूपबंद करण्याची पद्धत) एन्क्रिप्शन चढवलं. तेव्हापासून मोठा फोल्डर कॉपी करताना सुरुवातीला वेग झकास दिसतो, मग सेकंदाला अडीचशे एमबी, आणि थोड्या वेळाने ५०-६० वर येऊन बसतो. मधेच माउससुद्धा दोन-तीन सेकंद हलत नाही. "दोन डिस्क लावल्यावर वेग वाढायला हवा ना?" असं तुम्ही विचारलंय. सोबत आयओस्टॅट (डिस्क किती कामात आहे ते दाखवणारी आज्ञा) आणि स्मार्टचे (डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद) आकडे दिलेत, त्याबद्दल आधी आभार. निम्मे लोक नुसतं "स्लो आहे" एवढंच लिहितात.

तर पहिली गोष्ट, मिररमध्ये लिहिण्याचा वेग वाढत नाही. एकच मजकूर दोन्ही डिस्कवर जातो, आणि दोन्हींनी "झालं" म्हटल्याशिवाय एमडी वरच्या प्रोग्रामला "झालं" म्हणत नाही. बैलजोडीसारखंच आहे हे. एक बैल कितीही तगडा असला तरी गाडी दुसऱ्याच्या चालीने जाते. वाचण्यात फायदा होतो, पण तोही एकाच वेळी अनेक जण वाचत असतील तेव्हा. एकटी मोठी फाइल वाचताना एमडी ती साधारण एकाच डिस्कवरून वाचतो, अर्धी-अर्धी वाटून घेत नाही. साटा एसएसडी एकटी सेकंदाला पाचशे एमबीच्या आसपास देते, पण "दोन गुणिले पाचशे" ही अपेक्षा सोडून द्या. "एक गुणिले पाचशे" मात्र मिळायलाच हवं, आणि ते मिळत नाहीये, हा तुमचा खरा प्रश्न.

मिरर मंदावला की लोक मिररचीच सेटिंग्ज चाळत बसतात. बिटमॅप काढ, शेड्युलर बदल, कर्नल (लिनक्सचा गाभा) बदल. मी गेल्या कित्येक वर्षांत हे एवढ्यांदा पाहिलंय की आता पहिलं वाक्य ठरलेलं असतं: मिरर विसरा, दोन डिस्क वेगवेगळ्या बघा.

त्यासाठी मिरर तोडायची गरज नाही. एका खिडकीत मोठी कॉपी लावायची, दुसऱ्या खिडकीत आयओस्टॅट एक्स पर्यायासह दर सेकंदाला चालू ठेवायचं. इथे एक फसगत होते. लिहिण्याचा वेग दोन्ही डिस्कचा सारखाच दिसतो, कारण दोघींना तेवढंच काम मिळतं. तो रकाना बघून "दोन्ही सारख्याच मंद आहेत" असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ. बघायचे ते दुसरे दोन रकाने: लिहिण्याची विनंती किती मिलिसेकंद ताटकळली तो, आणि शेवटचा, डिस्क किती टक्के वेळ कामात होती तो. तुम्ही पाठवलेल्या आकड्यांत एसडीए (लिनक्सने पहिल्या डिस्कला दिलेलं नाव, दुसरी एसडीबी) ४ मिलिसेकंदात मोकळी होते आणि ८-९ टक्केच कामात आहे. एसडीबी मात्र १८० मिलिसेकंद लावतेय आणि सतत १०० टक्क्यांवर आहे. म्हणजे एसडीए काम संपवून हात बांधून बसलीय आणि एसडीबीची वाट बघतेय. चोर सापडला, आता तो असं का करतो ते बघू.

एक सावधगिरी इथेच सांगतो. डिस्क वेगवेगळ्या तपासायच्या म्हणून कोणी तुम्हाला एफआयओ किंवा डीडी या आज्ञांनी थेट एसडीबीवर लिहून बघायला सांगेल. करू नका. तसं केलंत तर फाइल सिस्टीमच्या पाठीमागून डेटा पुसला जाईल, आणि मिररच्या दोन बाजू एकमेकींशी जुळेनाशा होतील. थेट डिस्कवर फक्त वाचण्याची चाचणी करा, तीही एफआयओचा रीडओन्ली पर्याय लावून. लिहिण्याची चाचणी नेहमी माउंट केलेल्या फोल्डरात, खऱ्या फाइलवर.

आता तुमचे स्मार्टसीटीएलचे (स्मार्टची नोंद वाचणारी आज्ञा) आकडे. एसडीएच्या माहितीत साटाच्या ओळीत ६.० गीगाबिट आणि पुढे "करंट" म्हणून ६.०. एसडीबीच्या त्याच ओळीत डिस्कची क्षमता ६.०, पण "करंट" ३.०. म्हणजे डिस्क धावायला तयार आहे, रस्ताच अरुंद आहे. एच८१ चिपसेटला चारच साटा पोर्ट असतात: दोन ६ गीगाबिटचे, दोन ३ चे. बोर्डावर ते रंगाने वेगळे केलेले असतात, पण कुठला रंग कशाचा हे दर कंपनीचं वेगळं, तेव्हा बोर्डाच्या पुस्तिकेतलं चित्र बघा किंवा पोर्टाशेजारी छापलेली बारीक अक्षरं टॉर्च मारून वाचा. साटामध्ये एका बाइटमागे तारेवर १० बिट जातात, त्यामुळे ६ गीगाबिटचे सेकंदाला ६०० एमबी आणि ३ गीगाबिटचे ३००. प्रत्यक्षात हातात पडतात साडेपाचशे आणि पावणेतीनशेच्या आसपास. तुम्हाला दिसणारे अडीचशे इथून आले.

माझी पैज आहे, तुमच्या दुसऱ्या ६ च्या पोर्टात डीव्हीडी ड्राइव्ह बसलेला असणार. संगणक जोडून देणारे पहिल्या पोर्टात हार्ड डिस्क लावतात आणि शेजारच्या पोर्टात डीव्हीडी. मग दहा वर्षांनी एसएसडी येते आणि उरलेल्या पोर्टात जाते. डीव्हीडीला १.५ गीगाबिटसुद्धा पुरून उरतं. फिरत्या हार्ड डिस्कलाही ३ चा पोर्ट पुरतो. तेव्हा यंत्र बंद करून प्लग काढा आणि दोन्ही एसएसडी ६ च्या पोर्टांत घ्या. एमडी डिस्क ओळखतो ती तिच्यावर लिहिलेल्या ओळखक्रमांकावरून, पोर्टावरून नाही, त्यामुळे अदलाबदल झाली तरी मिरर मोडत नाही. फक्त एसडीए-एसडीबी ही नावं बदलू शकतात, म्हणून पुढे प्रत्येक ठिकाणी डिस्कचा सिरीयल नंबर बघूनच काम करा.

केबल बदलायचीच असेल तर आत्ताच बदला, पण तुमच्या बाबतीत तिचा दोष दिसत नाही. स्मार्टमधला १९९ क्रमांकाचा गुण, सीआरसी चुकांचा (तारेवरून जाताना मजकूर बिघडल्याच्या), दोन्हींवर शून्य आहे. हा आकडा केबलचा चुगलखोर. तो वाढत असेल तर केबल किंवा खोबणी सैल आहे असं समजायचं. केबल बदलल्यावर तो परत शून्य होत नाही, आहे तिथे थांबतो. लोक जुना आकडा बघून नव्या केबललाही नावं ठेवतात. कर्नलच्या नोंदींत "हार्ड रिसेटिंग लिंक" किंवा "लिमिटिंग साटा लिंक स्पीड" अशा ओळी दिसल्या तर मात्र केबलकडेच बोट दाखवायचं. चुका फार झाल्या की कर्नल स्वतःच लिंकचा वेग उतरवतो, ६ वरून ३, ३ वरून १.५, आणि बाहेरून ते अगदी चुकीच्या पोर्टासारखं दिसतं.

इथे बरेच जण थांबतात. पोर्ट बदलला, सुटला प्रश्न. नाही सुटत. जरा हिशेब करा. अरुंद पोर्टाने वेग पावणेतीनशेवर अडेल, पण ५५ वर कसा येईल? रस्ता अरुंद असला की गाडी सावकाश चालते, अर्ध्या वाटेत तिचा दम जात नाही. तुमच्या एसडीबीचा दम जातोय. हे दुसरंच दुखणं आहे, आणि खरं दुखणं तेच.

मिरर बनवला त्या दिवशी काय झालं ते आठवा. जुन्या डिस्कवरचा डेटा बाहेर काढून ठेवलात, दोन्हींचा मिरर केलात, आणि प्रोकच्या एमडीस्टॅट फाइलमध्ये (मिररची सद्यस्थिती तिथे दिसते) रिसिंकची, म्हणजे दोन्ही डिस्क जुळवून घेण्याची, रेघ पुढे सरकताना बघत बसलात. त्या रिसिंकमध्ये एमडीने पहिल्या डिस्कचा प्रत्येक ब्लॉक दुसरीवर उतरवला. वर फाइल सिस्टीम आहे की नाही, ब्लॉकमध्ये फोटो आहे की नुसता कचरा, हे एमडीला माहीत नसतं. त्याने आख्खी १ टीबी लिहून काढली. आता एसडीबीच्या कंट्रोलरच्या (डिस्कच्या आत बसून तिचा कारभार बघणारी चिप) दृष्टीने ती डिस्क गच्च भरलेली आहे, एकही ब्लॉक मोकळा नाही. तुमच्या फाइल मॅनेजरमध्ये ६०० जीबी रिकामी दिसतेय, त्याचा तिला पत्ता नाही. पहिली डिस्क मात्र रिसिंकमध्ये फक्त वाचली गेली, तिच्यावर काही लिहिलं गेलं नाही. म्हणून एकाच मॉडेलच्या दोन डिस्क, एकच काम, आणि एक ताजीतवानी तर दुसरी धापा टाकणारी.

भरलेली असण्याचा त्रास असा. हल्लीच्या घरगुती एसएसडीत एका पेशीत तीन किंवा चार बिट ठेवतात, आणि तसं लिहिणं संथ असतं. ते झाकायला कंट्रोलर रिकाम्या पेशींपैकी काही पेशींत तात्पुरता एकच बिट लिहितो, ते झपाट्याने होतं, आणि नंतर फुरसतीत नीट रचून ठेवतो. याला एसएलसी कॅश म्हणतात. बहुतेक स्वस्त डिस्कमध्ये ही कॅश मोकळ्या जागेतूनच उसनी घेतलेली असते. मोकळी जागा संपली की कॅशही आकसते, आणि मग प्रत्येक लिहिण्याआधी कंट्रोलरला जुनं उचल, दुसरीकडे ठेव, मोठा ब्लॉक पूस, मग नवीन लिही, अशी हमाली करावी लागते. ५५ चा आकडा हा त्या हमालीचा वेग.

आणि सुरुवातीचा तो झकास वेग? तो डिस्कचा नाहीच. लिनक्स आधी रॅममध्ये घेतो. वापरण्याजोग्या रॅमचा साधारण २० टक्के भाग असा "लिहायचं राहिलेल्या" मजकुराने भरेपर्यंत कॉपी करणारा प्रोग्राम अडत नाही. तुमच्या १६ जीबीत ते ३ जीबीच्या आसपास. तेवढं भरलं की तो दारात अडकतो, आणि त्याच वेळी दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामने काही डिस्कवर पक्कं करायला सांगितलं तर तोही रांगेत उभा राहतो. तुमचा माउस गोठतो तो त्या क्षणी.

इलाज ट्रिम. कुठले ब्लॉक रिकामे आहेत हे फाइल सिस्टीमने डिस्कला सांगणं, एवढंच ते काम. तुम्ही लिहिलंय, "एफएसट्रिमचा (ट्रिम करणारी आज्ञा) टायमर दर आठवड्याला चालतो, तो मी बघितलाय." चालतो, खरंय. पण काही करत नाही. एमडीच्या रेड-१ मधून ट्रिम खाली जाण्याची सोय २०१२ च्या ३.७ कर्नलपासून आहे, तिथे अडचण नाही. अडचण तुमच्या लक्सची. एन्क्रिप्शनचा थर ट्रिम खाली जाऊ देत नाही, मुद्दाम. कारण रिकामे ब्लॉक कळले की डिस्क उचलून नेणाऱ्याला निदान कुठे डेटा आहे आणि कुठे नाही एवढा नकाशा मिळतो. आणि टायमरने चालणाऱ्या एफएसट्रिमला सांगून ठेवलेलं असतं की जिथे ट्रिम चालत नाही तिथे गप्प बस. म्हणून तो दर आठवड्याला येतो, दारावरची पाटी वाचतो आणि कुरकुर न करता परत जातो. नोंदींमध्ये चूक दिसत नाही, आणि तुम्हाला वाटतं सगळं आलबेल आहे.

खात्री करून घ्या. एलएसबीएलके (डिस्कांची यादी दाखवणारी आज्ञा) मोठ्या डी पर्यायाने चालवा. डिस्क, मिरर, क्रिप्ट अशा ओळी एकाखाली एक येतील. "डिस्क-मॅक्स" (DISC-MAX, इथे डिस्क म्हणजे डिस्कार्ड, ट्रिमचंच दुसरं नाव) या रकान्यात डिस्क आणि मिररच्या ओळींवर काहीतरी आकडा असेल आणि क्रिप्टच्या ओळीवर शून्य. नळ कुठे बंद आहे ते तिथे दिसतं. मग क्रिप्टटॅब फाइलमध्ये (एन्क्रिप्ट केलेल्या डिस्क कशा उघडायच्या त्याची यादी) त्या ओळीच्या पर्यायांत डिस्कार्ड हा शब्द घाला, आणि रूट (उबुंटू स्वतः) त्याच मिररवर असेल तर इनिटरॅमएफएस (यंत्र चालू होताना आधी लोड होणारी छोटी प्रत) पुन्हा बनवायला विसरू नका, नाहीतर यंत्र चालू होताना जुनीच सेटिंग लागते. लक्स-२ (लक्सची नवी आवृत्ती) असेल तर क्रिप्टसेटअप या साधनाच्या रिफ्रेश आज्ञेला "अलाउ डिस्कार्ड्स" आणि "पर्सिस्टंट" हे दोन पर्याय दिले की यंत्र बंद-चालू न करताही काम होतं. सुरक्षेची ती बारीक तडजोड फोटो स्टुडिओसाठी चालून जाण्यासारखी आहे, असं माझं मत. पत्रकार किंवा वकील विचारत असता तर मी विचार करायला सांगितलं असतं.

त्यानंतर एफएसट्रिम हाताने, व्ही पर्यायासह चालवा. किती जीबी मोकळी केली ते तो छापतो. तुमच्याकडे सहाशेच्या आसपास आकडा यायला हवा. आला की लगेच कॉपी लावून बघू नका. चहा घ्या, जेवून या, यंत्र चालू पण रिकामं राहू द्या. डिस्कला आतली आवराआवर करायला अर्धा-पाऊण तास मिळाला पाहिजे. माझ्या ओळखीत एकाने ट्रिमनंतर दोन मिनिटांत चाचणी घेतली, काही फरक नाही म्हणून दुसरी डिस्क विकत आणली, आणि संध्याकाळी बघतो तर जुनीच ठणठणीत पळतेय.

हे करूनही एसडीबीच मागे पडत असेल तर? मग दोन्हींच्या स्मार्टमध्ये फर्मवेअरची (डिस्कच्या आतलं सॉफ्टवेअर) आवृत्ती जुळते का बघा. एका वकिलांच्या ऑफिसात मी दोन दिवस याच्यामागे घालवले होते. दोन्ही डिस्कवर एकच नाव, एकच मॉडेल, एकच रंगाचा डबा, खरेदीत आठ महिन्यांचं अंतर. फर्मवेअर वेगळं निघालं तेव्हा शंका आली. शेवटी दोन्ही उघडून पाहिल्या तर एकीत एक कंट्रोलर आणि दुसरीत भलताच, फ्लॅशच्या चिपाही वेगळ्या. उत्पादकाने नाव तेच ठेवून आतला माल बदलला होता. अशी डिस्क बिघडलेली नसते, जन्मतःच संथ असते. तिला ट्रिमचं औषध लागू पडत नाही. रिकाम्या, ट्रिम केलेल्या अवस्थेतसुद्धा ठरावीक जीबी लिहून झाल्यावर ती दर वेळी त्याच जागी बसली, तर तो तिचा स्वभाव आहे असं समजा.

मग अगदी सारख्याच डिस्क घ्याव्यात का? वेगासाठी हो, जिवासाठी नाही. मिररमधल्या दोन्ही डिस्कवर लिहिणं सारखंच होतं, म्हणजे झीजही सारखीच. २०१९ च्या नोव्हेंबरात सर्व्हर बनवणाऱ्या एचपीई कंपनीने जाहीर केलं होतं की त्यांच्या काही सर्व्हर एसएसडी ३२,७६८ तास चालून झाल्या की फर्मवेअरमधल्या दोषामुळे बंद पडतात आणि डेटा परत मिळत नाही. एकाच दिवशी लावलेल्या डिस्क एकाच दिवशी जाणार, तिथे मिरर काय वाचवणार? मी स्वतः दोन वेगळ्या कंपन्यांच्या, पण एकाच दर्जाच्या डिस्क लावतो: तीन बिटांच्या पेशी, स्वतःची डीरॅम (कंट्रोलरच्या हाताशी असलेली वेगवान मेमरी) असलेल्या. आणि लग्नाच्या फोटोंची तिसरी प्रत मिररच्या बाहेर, शक्यतो दुसऱ्या इमारतीत. चुकून डिलीट केलेला फोल्डर मिरर दोन्ही डिस्कवरून तितक्याच इमानदारीने डिलीट करतो.

कोणी मंद डिस्कला एमडीचा "राइट-मोस्टली" हा पर्याय लावा असा सल्ला देईल. नाव फसवं आहे. त्याने फक्त त्या डिस्कवरून वाचणं टळतं, लिहिणं दोन्हीकडे जातंच, त्यामुळे तुमच्या दुखण्यावर त्याचा उपयोग शून्य. रॅममध्ये किती साठू द्यायचं ती मर्यादा ३ जीबीवरून पाव जीबीवर आणलीत तर गोठणं कमी होईल, वेग तोच राहील. तरी करा, माणसाची चिडचिड कमी होते. एन्क्रिप्शनच्या गणिताने प्रोसेसर दमतोय का, ही शंका तुमच्या आय३ वर काढून टाका, चौथ्या पिढीच्या आय३ मध्ये त्यासाठीच्या खास सूचना आहेत. त्याच पिढीच्या पेंटियममध्ये नाहीत, तिथे मी हा प्रश्न आधी विचारला असता. आणि महिन्याच्या पहिल्या रविवारीच सगळं मंद वाटत असेल तर ती मिररची मासिक तपासणी चालू असते. एमडीस्टॅट बघा, "चेक" लिहिलेलं दिसेल, संपू द्या.

नव्या यंत्रावर एम.२ च्या दोन एनव्हीएमई डिस्कचा (साटाऐवजी पीसीआय एक्सप्रेसवरून जोडणाऱ्या एसएसडी) मिरर करणाऱ्यांनाही यातलं पोर्टाचं प्रकरण जसंच्या तसं लागू पडतं. एक खोबणी थेट प्रोसेसरला जोडलेली असते, दुसरी चिपसेटमार्फत. उदाहरणार्थ बी४५० चिपसेटकडे स्वतःच्या पीसीआय एक्सप्रेस लेन (डेटाच्या वाटा) जुन्या २.० पिढीच्याच आहेत, त्यामुळे तिथून जाणारी डिस्क कितीही भारी असो, सेकंदाला २ जीबीच्या आतच राहते. त्यात उन्हाळ्यात ग्राफिक्स कार्डाखाली दबलेली खोबणी असेल तर उष्णतेने वेग उतरतो तो वेगळा.

डिस्क बदलायचीच वेळ आली तर मंद डिस्क आधी काढून नवी लावू नका. आधी नवी तिसरी म्हणून जोडा, मिरर तिघांचा करा, रिसिंक पूर्ण होऊ द्या, मगच मंद डिस्क काढा. मधल्या काळात एकाच डिस्कच्या भरवशावर राहावं लागत नाही. एच८१ वर ६ चा तिसरा पोर्ट नाही, तेव्हा नवी तात्पुरती ३ वर बसेल, बसू दे. १ टीबीला दीडेक तास धरा, कारण एमडी स्वतःहून रिसिंकचा वेग सेकंदाला २०० एमबीच्या वर जाऊ देत नाही. नव्या डिस्कवर शेवटचा दहा टक्के भाग पार्टिशन न करता रिकामा सोडा, म्हणजे रिसिंक तिथवर पोचत नाही आणि कंट्रोलरला श्वास घ्यायला जागा उरते. मात्र तेवढ्यासाठी नवी डिस्क जुनीपेक्षा मोठी लागेल. रिसिंक संपलं की पुन्हा एफएसट्रिम, हाताने, त्याच दिवशी.

आणि खोकं उघडलंच आहे तर प्रत्येक साटा केबलच्या टोकाला त्या डिस्कच्या सिरीयल नंबरचे शेवटचे चार आकडे लिहून चिकटपट्टी लावा. पुढच्या वेळी "कुठली काढू?" असं फोनवर विचाराल तेव्हा दोघांचाही वेळ वाचेल.